विश्लेषण : पाच दिवसांत पाच विजय... अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमधील कॉन्फरन्स स्पर्धा इतकी निर्णायक का?

सलग चार पराभव पदरी घेऊन आलेला संघ पाच दिवसांत पाच सामने जिंकतो आणि थेट राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचतो. मार्च २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या (एनसी स्टेट) पुरुष संघाने हे करून दाखवले. चार महिन्यांचा हंगाम एका आठवड्यात पालटणारी ही स्पर्धा आहे तरी काय?

कॉन्फरन्स म्हणजे काय?
कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातील संघ हंगामभर आपसांत खेळतात आणि अखेरीस त्यांची बाद फेरीची स्पर्धा होते. आयपीएलमध्ये पहिल्या चार संघांनाच पुढे संधी मिळते. २०२४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सच्या (एसीसी) स्पर्धेत मात्र सर्व १५ संघ होते. पहिल्या चार संघांना दोन फेऱ्यांची सूट होती. दहाव्या मानांकित एनसी स्टेटला पहिल्या दिवसापासून खेळावे लागले.

एनसी स्टेटने काय केले?
वॉशिंग्टनमध्ये त्यांनी लुईव्हिल, सिरॅक्यूज आणि ड्यूकला हरवले. उपांत्य सामन्यात व्हर्जिनियाविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना मायकल ओकॉनेलने शेवटच्या क्षणी मारलेला लांबचा फटका फळीवर आदळून बास्केटमध्ये गेला. बरोबरी झाली आणि जादा वेळेत विजय मिळाला. अंतिम फेरीत अव्वल मानांकित नॉर्थ कॅरोलिनाला ८४-७६ असे नमवून त्यांनी १९८७ नंतर प्रथमच एसीसीचे विजेतेपद पटकावले.

विजेतेपदाने काय मिळते?
२०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ६८ संघ होते. २०२४ मध्ये ३२ कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट प्रवेश होता. उरलेल्या ३६ जागा निवड समितीने भरल्या. अनपेक्षित विजेता आला की समितीच्या हातातील एक जागा कमी होते आणि काठावरचा एखादा संघ बाहेर पडतो. म्हणूनच अमेरिकी चाहते अशा विजेत्याला ‘बिड थीफ’, म्हणजे जागाचोर, म्हणतात.

पूर्वी नियम कोणता होता?
पूर्वी कॉन्फरन्समधून एकच संघ पुढे जाई. १९७४ च्या एसीसी अंतिम सामन्यात एनसी स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३-१०० असे हरवले. देशातील अव्वल संघांत गणला जाणारा मेरिलँड घरी बसला. एनसी स्टेट पुढे राष्ट्रीय विजेता ठरला. १९७५ मध्ये स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघांना वाट मोकळी झाली.

अन्याय संपला का?
मोठ्या कॉन्फरन्सपुरता बराचसा. पाच-सहा संघ पाठवणाऱ्या गटात अंतिम सामना हरणाऱ्या तगड्या संघाची जागा सहसा पक्की असते. अनेक छोट्या कॉन्फरन्सना मात्र समितीकडून क्वचितच दुसरी जागा मिळते. तिथे हंगामभर अव्वल राहिलेला संघ एका संध्याकाळी हरला, तर शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचे राष्ट्रीय स्पर्धेचे स्वप्न तिथेच संपते.