लॅबमधला चहा आणि सामूहिक रवंथ

पीएचडीला येणारे सगळे गाईड कसा निवडायचा, टॉपिक कसा निवडायचा हे विचारतात. रोज चहाला कोणासोबत जायचं, हे कोणीच विचारत नाही. खरं तर चार-पाच वर्षांत गाईडपेक्षा जास्त तास याच लोकांसोबत जातात.

चहावर विषय ठरलेले. फेलोशिप आली नाही, केमिकलची ऑर्डर अडकली, सर ड्राफ्ट वाचत नाहीत. मन मोकळं करायलाच हवं. पण ते कधी उलटतं, यावरचं एक संशोधन माहीत असलेलं बरं.

अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००२ साली ‘को-रुमिनेशन’ ही कल्पना मांडली. रुमिनेशन म्हणजे रवंथ, तेव्हा आपण याला सामूहिक रवंथ म्हणू. दोघं मिळून एकच अडचण पुन्हा पुन्हा उगाळतात, आणखी काय बिघडेल याचे अंदाज बांधतात आणि एकमेकांना अजून बोलायला लावतात. २००७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत शाळकरी मुलामुलींना सहा महिन्यांच्या अंतराने तपासलं. असं जास्त करणाऱ्या मुलींची मैत्री घट्ट झाली आणि सोबत नैराश्याची, चिंतेची लक्षणंही वाढली. मुलग्यांमध्ये मैत्री वाढली, लक्षणं मात्र वाढलेली दिसली नाहीत.

गोम इथेच आहे. दमवणारी मैत्री आतून दमवणारी वाटतच नाही, जवळची वाटते. (अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे निष्कर्ष आपल्या हॉस्टेलला जसेच्या तसे लावू नका. व्हायव्हात नेमका हाच प्रश्न येतो!)

मग ओळखायचं कसं? मी दुसऱ्या टोकाकडून बघते: चांगली बातमी सांगून बघा. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जोडप्यांवर केलेल्या कामात आनंदाच्या बातमीला मिळणारे चार प्रतिसाद मांडले आहेत. समजा तुमचा पेपर ॲक्सेप्ट झाला. एक जण म्हणतो, “अरे वा! रिव्ह्यूअरला शेवटी काय उत्तर दिलंस?” दुसरा नुसतं “छान” म्हणतो. तिसरा म्हणतो, “बघ हं, आता गाईड अजून काम लावणार.” चौथा सरळ स्वतःचं रडगाणं सुरू करतो. नातं चांगलं असण्याशी पहिलाच प्रतिसाद जोडलेला दिसला. कोरडं “छान”सुद्धा उरलेल्या दोघांच्याच रांगेत गेलं, याचं मला फार नवल वाटलं.

म्हणून लगेच कोणाला तोडू नका. रूममेट तर निवडताही येत नाही. तोच विषय चौथ्यांदा निघाला की “मग उद्या काय करणार आहेस?” एवढं विचारा. उत्तर आलं तर माणूस अडचणीत आहे, मदत करा. रोजच टोलवाटोलवी होत असेल तर चहाची वेळ बदला. कोणी जगणंच नको म्हणत असेल, तर मात्र ही कटकट समजू नका. त्याच्यासोबत थांबा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन लावा.

आणि ॲडमिशनआधी लॅब बघायला जाल, तेव्हा गाईडना भेटून लगेच बसस्टॉप गाठू नका. सीनियर्ससोबत एक चहा घ्या. कोणाचा पेपर नुकताच आला असेल, तर बाकीचे त्याबद्दल काय बोलतात ते ऐका.