एकच लघुग्रह, वेगवेगळं तेज

पेडण्याच्या किनाऱ्यावरून पाहा: माथ्यावर लख्ख दिसणारा तारा समुद्राकडे कलला की मंदावतो. तारा तोच, पण त्याचा प्रकाश आता जास्त हवेतून येतो. आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रांत हा दोष ओळखीच्या ताऱ्यांशी तुलना करून बराचसा काढता येतो. तरीही हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या लागोपाठच्या चित्रांत एकाच लघुग्रहाचं तेज वेगवेगळं भरतं. ही चित्रं विद्यार्थ्यांनाही तपासायला मिळतात, डिचोलीतल्या शाळांनीही जरूर मागवावीत.

तेज मोजताना संगणक चित्रातल्या लघुग्रहाच्या ठिपक्याभोवती वर्तुळ आखतो, आतला प्रकाश मोजतो आणि भोवतालच्या आकाशाचा उजेड वजा करतो. वर्तुळात शेजारचा तारा घुसला की लघुग्रह उगाच तेजस्वी ठरतो. ठिपका कॅमेऱ्यातल्या संवेदकांमधल्या फटीवर पडला की मंद. म्हणून आकड्यावर विसंबण्याआधी चित्र मोठं करून डोळ्यांनी पाहावं.

कधी मात्र मोजणी अचूक असते, लघुग्रहच बदलत असतो. सुमारे ३४ किलोमीटर लांब, पण जेमतेम ११ किलोमीटर रुंद असलेला एरॉस हा लघुग्रह सव्वापाच तासांत स्वतःभोवती फिरतो. कधी लांब कूस दाखवतो, कधी निमुळतं टोक. त्याचं हे कमीजास्त होणारं तेज खगोलशास्त्रज्ञ फॉन ओपोल्झर यांनी १९०१ मध्येच टिपलं होतं. एरॉसकडे पाठवलेलं निअर यान तिथे पोचलं ते थेट २००० मध्ये.