संगणक झोपतो, कुलूप कधी लागते, कधी नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ न पेलणारे, पण एरवी धडधाकट असलेले संगणक भंगारात घालायचे की त्यांवर लिनक्स टाकायचे, हा प्रश्न तेव्हापासून छोट्या दुकानदारांपुढेही आला आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या नागपुरातील जरीपटक्यासारख्या पेठेत काउंटरवरचा एकच संगणक बिले, उधारी, जीएसटी आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर सांभाळत असतो. सरकारदरबारीही लिनक्स आता परके नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स स्वीकारले आणि खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसीच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर घडवली. म्हणजे गल्ल्यावरच्या उधारीपासून न्यायाधीशांच्या लॅपटॉपपर्यंत लिनक्स पोचले आहे. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारायला हवा. चहाला उठताना संगणक सस्पेंड केला, तर तो जागा होताना पासवर्ड मागेल का?

प्रामाणिक उत्तर असे, की बहुधा मागेल. पण ‘बहुधा’ हा शब्द कुलपाच्या बाबतीत चालत नाही. सस्पेंड म्हणजे संगणक बंद करणे नव्हे. पडदा, डिस्क, प्रोसेसर निजतात. रॅमला मात्र थोडी वीज मिळत राहते आणि उघडी बिले, ईमेल, बँकेचे पान तिथे जसेच्या तसे टिकून राहतात. जाग आली की सगळे जागच्या जागी. सोय हीच आणि धोकाही हाच. पडदा काळा झाला म्हणून आपण निर्धास्त होतो. पण काळा पडदा आणि कुलूपबंद पडदा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि लिनक्समध्ये त्या दोन निराळ्या हातांत आहेत. दुकानाचे शटर एका नोकराने ओढावे आणि कुलूप दुसऱ्याने लावावे, तशी ही व्यवस्था आहे. दुसरा वेळेवर आला नाही, तरी शटर खाली दिसते.

हे हात कोणते, ते पाहू. संगणकाला प्रत्यक्ष निजवते ते लिनक्सचा गाभा असलेले कर्नल. त्याआधी सिस्टमडी-लॉगिनडी ही सेवा ‘आता झोपायचे आहे’ असा संदेश सर्व प्रोग्रामांना धाडते आणि ज्यांनी आधी सवलत मागून ठेवली आहे त्यांच्यासाठी क्षणभर थांबते. पडद्याला कुलूप घालायचे ते याच अवधीत, आणि ते काम डेस्कटॉपचे : जीनोम, केडीई, सिनॅमन किंवा एक्सएफसीई, ज्याचे त्याने पाहावे. लॉगिनडीच्या थांबण्याला मर्यादा आहे. मूळ मांडणीत ती ५ सेकंदांची असते. नव्या यंत्रावर ५ सेकंद म्हणजे चैन. पण जुन्या, कमी रॅमच्या, रडतखडत चालणाऱ्या हार्ड डिस्कवरच्या संगणकात ब्राउझरने जागा व्यापलेली असेल, तर तेवढ्या वेळात कुलपाचा पडदा रंगेलच असे नाही. मर्यादा संपली की यंत्र झोपते, आणि उठल्यावर आधी उघडा डेस्कटॉप लख्खकन दिसतो, मग पासवर्डची चौकट येते. जी जुनी यंत्रे लिनक्समुळे वाचली, त्यांच्यातच हे घडण्याचा संभव जास्त, हा यातला विरोधाभास.

कुलूप न लागण्याचे दुसरे कारण झोपेकडे नेणाऱ्या वाटांचे. मेन्यूतून सस्पेंड करता येते, लॅपटॉपचे झाकण मिटून करता येते, पॉवर बटण दाबून करता येते, आणि काही वेळ कुणी हात लावला नाही तर संगणक आपणहून झोपतो. या वाटा सर्वत्र एकाच प्रोग्राममधून जात नाहीत. एक्सएफसीईत झोपेआधी कुलूप लावण्याची निवड सत्राच्या सेटिंगमध्येही दिसते आणि पॉवर मॅनेजरमध्येही. उबुंटूमध्ये ‘आपोआप लॉक’ आणि ‘सस्पेंड करताना लॉक’ असे दोन निराळे खटके आहेत. पहिला चालू पाहून माणूस दुसराही चालूच असेल असे धरून चालतो. जीनोमचे कुलूप जीडीएम या लॉगिन-व्यवस्थेवर विसंबून असते. यंत्र हलके चालावे म्हणून कुणी त्या जागी दुसरी व्यवस्था बसवली, तर कुलूपच नाहीसे होते. मेन्यूतून झोपवताना पासवर्ड मागणारा संगणक झाकण मिटल्यावर मागत नाही, ही तक्रार अशा जुळणीतून जन्मते. वापरणाऱ्याने काही विसरलेले नसते.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. लिनक्सच्या पडद्यामागे दशकानुदशके असलेली एक्स ही प्रणाली १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली. तिच्या लेखी लॉक स्क्रीन ही खास वस्तू नाही. सगळा पडदा व्यापणारी आणि कीबोर्ड-माउस स्वतःकडे ओढून घेणारी ती एक साधी खिडकी आहे. राइट-क्लिकचा मेन्यू उघडा राहिला असेल, तर कीबोर्ड-माउस आधीच त्याच्या ताब्यात असतात आणि कुलपाला ते मिळत नाहीत. कुलपाचा प्रोग्राम कोसळला, तर त्याच्यामागचा डेस्कटॉप उघडा पडतो. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटचे हेच झाले. एका घरातल्या मुलांनी खऱ्या आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर वाटेल त्या कळा बडवल्या आणि लॉक स्क्रीन गडगडली. १९९२ पासून एक्सस्क्रीनसेव्हर हा पडद्याच्या कुलपाचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या जेमी झाविन्स्कींनी या धोक्याबद्दल अनेक वर्षे आधीच बजावले होते. वेलँड या नव्या व्यवस्थेत २०२२ मध्ये आलेल्या सत्र-कुलपाच्या नियमाने ही फट बुजवली : आता कुलूप कोसळले तरी पडदा बंदच राहतो. ही खरीच मोठी सुधारणा. पण कुलूप लावा असे सांगायचे कुणी, हा प्रश्न ती सोडवत नाही. वेलँडवर चालणारी स्वे ही मांडणी वापरणाऱ्याला झोपेपूर्वीची आज्ञा आजही स्वतः लिहावी लागते, आणि त्या आज्ञेत ‘कुलूप लागेपर्यंत थांब’ अशी खूण टाकायची राहिली, तर झोप कुलपाला मागे टाकते.

यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा, की यंत्रच चोराच्या हाती गेले तर लॉक स्क्रीन काय वाचवणार? डिस्क कूटबद्ध करा. सल्ला योग्य, पण इथे अपुरा. सर्वसाधारण मांडणीत सस्पेंडमध्ये डिस्कची किल्ली रॅममध्येच राहते. झोपलेल्या यंत्रात आणि उघड्या फायलींमध्ये मग लॉक स्क्रीन हीच भिंत उरते. शिवाय काउंटरवर भीती चोराची कमी. पलीकडून हात लांबवणाऱ्या ओळखीच्या माणसाची जास्त. दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा : घरात एकटा राहणाऱ्याला पासवर्ड कशाला? नको असेल त्याने जरूर बंद ठेवावा. निवडीला विरोध नाही. निवड एकदा झाल्यावर ती प्रत्येक वाटेवर पाळली जात नाही, याला आहे. कुलूप कधीच लागत नाही हे ठाऊक असलेला माणूस सावध राहतो. दहापैकी नऊदा लागणारे कुलूप त्याची सावधगिरी मोडून टाकते. विंडोजमध्येही चुका निघतातच, हा तिसरा आक्षेप खरा आहे. फरक इतकाच, की तिथे झोप आणि कुलूप या दोन्हींचा जाब एकाच कंपनीला विचारता येतो.

म्हणून मागणी साधी आहे. कुलूप लागल्याची पोच मिळाल्याशिवाय झोप सुरू होऊ नये, आणि पोच आली नाही तर यंत्राने जागे राहून तसे सांगावे. बॅटरी संपत आली असेल तर काय, असे कुणी विचारेल. तेवढा अपवाद ठेवावा, पण तो अपवादच असावा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा-उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. इतरांची माहिती सांभाळणाऱ्याने पाच सेकंदांच्या नशिबावर विसंबू नये.

तोवर लिनक्स वापरणाऱ्यांनी आपल्या संगणकाची परीक्षा एकदा घ्यावी. मेन्यूतून, झाकण मिटून, पॉवर बटणाने आणि आपोआप, अशा चारही वाटांनी तो झोपवून पाहा. एकदा राइट-क्लिकचा मेन्यू उघडा ठेवूनही पाहा. एखाद्या वेळी जरी पासवर्ड मागितला गेला नाही, तर जागेवरून उठताना आधी आपल्या डेस्कटॉपच्या कुलपाच्या कळा (जीनोम, केडीईत सुपर आणि एल) एकत्र दाबा, पासवर्डची चौकट डोळ्यांनी पाहा आणि मगच संगणक झोपवा.