विश्लेषण : बुद्धिबळात बरोबरीचा डाव शेवटच्या सेकंदांत का निसटतो?

जॉर्जियातील बटुमी येथे 28 जुलै 2025 रोजी नागपूरची 19 वर्षीय दिव्या देशमुख महिला विश्वचषक विजेती ठरली आणि त्याच क्षणी भारताची 88वी ग्रँडमास्टरही झाली. कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही पारंपरिक डाव आणि टायब्रेकरचा पहिला डाव बरोबरीत सुटला होता. निकाल लागला तो टायब्रेकरच्या दुसऱ्या डावात. मूळ वेळ प्रत्येकी 15 मिनिटे आणि प्रत्येक चालीला वाढीव 10 सेकंद. हम्पीच्या घड्याळात फारच थोडा वेळ उरला होता आणि एंडगेममध्ये दोघींच्याही चुका झाल्या. ‘मला एंडगेम शिकायला हवा’ अशा आशयाची कबुली दिव्याने जिंकल्यावर लगेच दिली. जगज्जेतेपदाच्या पातळीवरचे खेळाडूही मोजकी मोहरी उरल्यावर असे का चुकतात?

मोहरी कमी, तरी कठीण का?

पट रिकामा झाला की खेळ सोपा होतो, असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात चुकीची भरपाई करायला जागाच उरत नाही. डावाच्या मध्यात एखादी कमकुवत चाल खपून जाते. एंडगेममध्ये राजा एका घराने चुकला तर अर्धा गुण जातो.

पटावर दोन्ही राजांसह सात किंवा त्याहून कमी मोहरी असतील, तर त्या स्थितीचे अचूक उत्तर आज संगणकाला ठाऊक आहे. सात मोहऱ्यांचा पहिला संपूर्ण संच 2012 मध्ये मॉस्कोत तयार झाला. त्यामुळे थेट प्रक्षेपण पाहणाऱ्याला ‘बरोबरी’ असा शेरा मोबाइलवर दिसत असतो आणि खेळाडू बावळट वाटतो. त्याला मात्र तो शेरा दिसत नाही. त्याच्यासमोर असतात फक्त उलटे पळणारे आकडे. हत्ती आणि उंट विरुद्ध एकटा हत्ती हा एंडगेम घ्या. पुस्तकात तो बहुतेक वेळा बरोबरीचा, पण बचाव करणाऱ्याला 50 चाली तग धरायचा असतो. हल्ला करणाऱ्याची चूक झाली तर तो पुन्हा प्रयत्न करतो. बचाव करणाऱ्याला ती मुभा नाही.

घड्याळाने नेमके काय बदलले?

पूर्वी लांबलेला डाव तहकूब होई. पुढची चाल कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करायची आणि रात्रभर सहकाऱ्यांसोबत त्या स्थितीचा अभ्यास करायचा. 1972 मध्ये बोरिस स्पास्कीने बॉबी फिशरविरुद्धचा शेवटचा, 21वा डाव असाच तहकूब ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पटावर न येता फोनवरून हार कळवली. संगणक ताकदवान झाले तशी ही पद्धत मागे पडली. रात्रभर विश्लेषण यंत्रच करणार असेल, तर त्या तहकुबीला अर्थ काय?

तिची जागा घेतली ती प्रत्येक चालीला ठरावीक सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाने. ही कल्पना फिशरचीच. त्याने 1988 मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि 1992 च्या स्पास्कीविरुद्धच्या लढतीत हे घड्याळ वापरले गेले. यामुळे जिंकलेला डाव केवळ काटा पडला म्हणून गमावण्याचे प्रकार कमी झाले. पण एंडगेमचे स्वरूपही पालटले. रात्रभराच्या विचाराची जागा 30 किंवा 10 सेकंदांनी घेतली. शिवाय हे सेकंद येतात ते चार-पाच तासांच्या खेळानंतर.

डिंगची ती चाल

सिंगापूर, 12 डिसेंबर 2024. जागतिक अजिंक्यपद लढतीचा 14वा आणि शेवटचा पारंपरिक डाव. डिंग लिरेनकडे पांढरी मोहरी, डी. गुकेशकडे काळी. प्रत्येकाकडे एक हत्ती, एक उंट. गुकेशकडे एक प्यादे जास्त आणि घड्याळातही बराच अधिक वेळ. बहुतेकांनी डाव बरोबरीचा धरला होता. 55व्या चालीला डिंगने हत्ती एफ-2 घरात आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली.

बचावाचा ढोबळ नियम मोहरी कमी करू नका असा नाही. प्यादी कमी करा, असा आहे. इथे हत्ती गेले आणि डिंगचा उंट ए-8 या कोपऱ्यात अडकलेला राहिला. गुकेशने आपला उंट डी-5 वर आणताच उंटांची मारामारी टाळणे डिंगला अशक्य झाले. उरले राजे आणि प्यादी. त्यात एक प्यादे कमी असणे म्हणजे बहुधा हार. 58व्या चालीनंतर पांढरा राजा ई-3 वर, काळा ई-5 वर, मध्ये एकच घर आणि चाल पांढऱ्याची. ज्याची चाल त्याने वाट सोडायची. डिंगने तिथेच हार मानली.

गंमत अशी की ही घोडचूक आहे हे गुकेशच्याही चटकन लक्षात आले नव्हते, असे त्याने नंतर सांगितले. फरक एवढाच, त्याच्याकडे पुन्हा बघायला वेळ होता.

मग कार्लसन?

एंडगेमचा बादशहा मानला जाणारा मॅग्नस कार्लसनही यातून सुटला नाही. 1 जून 2025 रोजी नॉर्वे चेस स्पर्धेत त्याची गुकेशविरुद्धची स्थिती जिंकण्यासारखी होती. 40 चालींनंतर प्रत्येक चालीला मिळत होते फक्त 10 सेकंद. 52व्या चालीला घोड्याने शह देण्याचा मोह त्याला नडला. हार मानताना त्याने टेबलावर मूठ आपटली, ते दृश्य अनेकांच्या फोनवर फिरले.

सेकंद वाचवतात कसे?

अनुभवी खेळाडू तीच स्थिती मुद्दाम एकदा पुन्हा आणतात. धोका नसलेल्या दोन चालींत घड्याळात मिनिटभर जमा होऊ शकते. तिसऱ्यांदा मात्र तीच स्थिती आली तर प्रतिस्पर्धी बरोबरी मागू शकतो, म्हणून मोजणी चुकवून चालत नाही. हत्तींच्या एंडगेममधील फिलिडोर बचावासारख्या स्थिती पाढ्यांसारख्या पाठ असल्या की तिथे विचारच करावा लागत नाही.

मोबाइलवर खेळणाऱ्यांची सवय इथे आड येते. ॲपवर प्रतिस्पर्ध्याच्या आधीच चाल लावून ठेवता येते आणि जवळपास शून्य वेळ जातो. प्रत्यक्ष पटावर मोहरे उचलायचे, ठेवायचे आणि त्याच हाताने घड्याळ दाबायचे. वाढीव वेळ 30 सेकंदांची असेल तर शेवटपर्यंत प्रत्येक चाल लिहायचीही असते. हातात तीस सेकंद दिसतात, विचाराला मिळतात त्याहून कमी.