भाग हरवलेला जुना रंधा: काय बघून घ्यायचा, कसा चालू करायचा



मृग तोंडावर आला आहे. पैनगंगेला आणि सातनाल्याला नवं पाणी येण्याआधी नावा काठावर पालथ्या घालून फळ्या बदलायचे हे दिवस. फायबरच्या नावा वाढल्या, तरी लाकडी नावेला, वल्ह्याला आणि बसायच्या पाटाला रंधा लागतोच. फळीची कड सरळ नसली की फट राहते. कापूस-डांबराने ती बुजते खरी, पण रुंद फटीतलं बुजवण भर पाण्यात सुटू शकतं, आणि तेव्हा नावेत आपलीच माणसं असतात.

नवा चांगला रंधा महाग पडतो. भंगारात जुना लोखंडी रंधा स्वस्तात मिळतो, पण बहुतेक वेळा त्याचं काहीतरी हरवलेलं असतं. काय हरवलंय, त्यावर तो घ्यायचा की सोडायचा हे ठरतं.

आधी ठोकळा बघा. तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो. पडला की तडकतो. पातं आणि सुटे भाग काढून ठोकळा बोटाने टिचकवा, मडकं वाजवून घेतो तसा. आवाज फुटका आला, किंवा पातं बाहेर येतं त्या फटीजवळ तडा दिसला, तर सोडून द्या. गंज वरवरचा असला तर चालतो. खोल खड्डे तळाला असले तर फारसं बिघडत नाही, पण पात्याच्या धारेजवळ असले तर पातं बदलावंच लागतं.

भाग जुळतात कसे? आज दिसणारे बहुतेक लोखंडी रंधे अमेरिकेतल्या लेनर्ड बेली याच्या रचनेवर बनलेले आहेत. स्टॅनली कंपनीने 1869 साली त्याचा धंदा विकत घेतला, आणि पुढे जगभर त्याच नमुन्याचे रंधे निघाले, आपल्याकडेही. म्हणून एकाचं पातं दुसऱ्याला बसू शकतं. 4 आणि 5 नंबरच्या रंध्याचं पातं साधारण 2 इंच रुंद असतं. 5 नंबरची लांबी 14 इंच, फळीच्या कडेला तोच बरा.

काय हरवलं तर काय करायचं?

मूठ: घरी बनते. बाभळीचं किंवा शिसवीचं वाळलेलं लाकूड घ्या. लाकडाच्या रेषा पुढून मागे, तळाला समांतर ठेवा, नाहीतर मुठीचं वरचं टोक तुटतं.

मुठीचा बोल्ट: स्टॅनलीचे आटे बाजारातल्या साध्या बोल्टला जुळत नाहीत. रंधा दुकानात घेऊन जा आणि बोल्ट हाताने फिरवून बघा. पाना लावून जबरदस्ती केली तर बिडातले आटे जातात.

मागची पितळी चकती: हिने पातं खालीवर होतं. हिचे आटे उलटे असतात, साधा नट बसणार नाही. दुसऱ्या मोडक्या रंध्याची काढून लावा.

टोपीपातं आणि वरचा दाब: हे दोन्ही नसले तर रंधा जवळजवळ फुकट मिळाला तरच घ्या. टोपीपातं लाकडाचा पापुद्रा मोडतं, त्यामुळे फळी उचकटत नाही. दाब नसला तर पातं थरथरतं.

लाकडी रंध्याची पाचर हरवली असेल तर बाभळीची करा. दोन्ही बाजूंनी सारखी टेकली पाहिजे. जोरात ठोकू नका, ठोकळा उकलतो.

चालू करायची पद्धत. सगळे भाग सोडवा, रात्रभर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये भिजवा, आगीपासून लांब. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, पुसा, तेलाचा हात फिरवा. मग जाड सपाट काचेवर एमरी पेपर ठेवा. पातं आत ओढून पण घट्ट आवळून ठेवा, तळावर पेन्सिलीच्या रेघा मारा आणि घासा. पुढची कड, फटीजवळची जागा आणि मागची कड इथल्या रेघा गेल्या की पुरे.

पात्याचा उतार 25 अंशांचा ठेवा. सोपं माप म्हणजे उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या सव्वादोन ते अडीच पट. सहाणेच्या चाकावर धरलं तर दर थोड्या वेळाने पाण्यात बुडवा. धार निळी पडली की पाणी उतरलं समजा. टोपीपातं धारेपासून साधारण एक मिलिमीटर मागे बसवा.

फळीवर लावण्याआधी जुने खिळे काढा आणि वाळू झाडून घ्या. आपल्या सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे धार लवकर जाते. पातं मधेमधे पाजळत राहा.

शेवटची परीक्षा अशी: दोन फळ्यांच्या कडा एकमेकींना लावून सूर्याकडे धरा. जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. तेवढीच जागा पुन्हा रंधा.

कुणाच्या घरी मोडका रंधा पडला असेल तर भंगारात घालू नका, सोसायटीत आणून द्या. दोन मोडक्यांतून एक चालता होतो, आणि मृगाच्या आत कुणाची तरी नाव पाण्यात जाते.