परदेशी शाळेची वाट आणि कायद्याची पळवाट

परदेशातील नामांकित शाळेत शिक्षकाची नोकरी, लाखाच्या घरातील मासिक वेतन, निवास आणि विमानप्रवास मोफत, अनुभवाची अट नाही. अशा मजकुराच्या जाहिराती पूर्वी वृत्तपत्रांच्या छोट्या रकान्यांत असत; आता त्या थेट मोबाइलवर येऊन पडतात. परभणी, जिंतूर वा गंगाखेडच्या एखाद्या बी.एड. पदवीधारकाने त्या वाचून दूरध्वनी केला, तर तो दोष त्याच्या लोभाचा नसतो. इथल्या शिक्षकभरतीची स्थितीच त्याला तो क्रमांक फिरवायला भाग पाडते. प्रश्न पुढचा आहे. या वाटेवर फसवणूक झाल्यास त्याच्यामागे कोण उभे राहते? उत्तर अस्वस्थ करणारे आहे. परदेशी कामगारांच्या संरक्षणासाठी केलेला भारतीय कायदा गवंड्याची आणि घरकामगाराची चौकशी करतो. शिक्षकाला मात्र तो ‘शिकलेला आहे’ म्हणून वाऱ्यावर सोडतो.

घरचे दार का बंद झाले?

राज्याने २००० मध्ये शिक्षण सेवक योजना आणली, तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन महिना तीन हजार रुपये होते. जानेवारी २०२३ पासून ते सोळा हजार रुपये झाले. मधल्या काळात मराठवाड्यात गावोगावी डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालये उभी राहिली आणि दरवर्षी नवे पदविकाधारक बाहेर पडत राहिले. त्याच सुमारास, २०१२ मध्ये राज्याने शिक्षकभरतीला लगाम घातला. पुढे ‘पवित्र’ पोर्टलद्वारे भरती करण्याचे ठरले. त्यासाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. पाच वर्षांच्या या खंडात अनेकांचे वय वाढले, काहींचा उमेदीचा काळ निघून गेला.

विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची कथा याहून वेगळी नाही. अनुदान येईल या आशेवर वर्षानुवर्षे नाममात्र पगारावर वा बिनपगारी शिकवणारे शिक्षक राज्यभर आहेत. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना सुट्टीच्या महिन्यांत उत्पन्नच नसते. अशा माणसाला आखातातील भारतीय अभ्यासक्रमाची शाळा, मालदीवमधील बेटावरची शाळा किंवा आफ्रिकेतील महाविद्यालय ही सुटकेची वाट वाटते. ती वाट खोटी आहे असेही नव्हे. हजारो भारतीय शिक्षक या देशांत सन्मानाने काम करीत आले आहेत. नेमके म्हणूनच खऱ्या जाहिरातीच्या आडोशाने खोटी जाहिरात सहज खपते.

फसवणुकीच्या चार पायऱ्या

या फसवणुकीत मारहाण नसते, कोंडून ठेवणे क्वचित असते. ती कागदावर घडते आणि साधारणतः चार पायऱ्यांनी पुढे सरकते.

पहिली पायरी शुल्काची. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर, म्हणजे एकूण ३५ हजार ४०० रुपयेच घेता येतात. प्रत्यक्षात ‘व्हिसा खर्च’, ‘शाळेची अनामत’, ‘कागदपत्रांचे साक्षांकन’ अशा नावांनी लाखांची मागणी होते. व्यवहार रोखीचा असतो, पावती मिळत नाही. त्यासाठी शेत गहाण पडते किंवा दागिने मोडले जातात.

दुसरी पायरी कराराची. भारतात दाखविलेला करार एक आणि तिकडे उतरल्यावर सहीसाठी पुढे केलेला दुसरा. पगार कमी, तास जास्त, विषय वेगळा. कधी शिक्षकाऐवजी वसतिगृहाचा पर्यवेक्षक. परतीचे तिकीट हाती नसलेला आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस सही करतो.

तिसरी पायरी व्हिसाची. ‘आधी पर्यटक व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ’ हे वाक्य सर्वांत घातक. पर्यटक व्हिसावर शिकवणारा शिक्षक त्या देशाच्या दृष्टीने बेकायदा कामगार ठरतो. पगार थकला तरी तो तक्रार करू शकत नाही, कारण तक्रार करणे म्हणजे स्वतःचाच गुन्हा कबूल करणे.

चौथी पायरी ताब्याची. पारपत्र आणि मूळ पदवी प्रमाणपत्रे मालक ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ घेतो. आखाती देशांत परदेशी व्यक्तीचे वास्तव्य मालकाच्या प्रायोजकत्वाशी बांधलेले असते. काही देशांनी अलीकडे या ‘कफाला’ पद्धतीत सुधारणा केल्या. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. तरीही मूळ पदवीच मालकाच्या कपाटात असेल, तर दुसरी शाळा शोधणार तरी कशी?

कायदा आहे, पण कोणासाठी?

परदेशी नोकरीचे नियमन १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने होते. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करणे या कायद्याने गुन्हा आहे आणि ‘भरती’त जाहिरात देणेही येते. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हा अधिकारी करार व मालकाची माहिती तपासून जाण्याची परवानगी देतो. ही सारी प्रक्रिया आता ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय प्रणालीवर होते.

मात्र ही परवानगी सर्वांना लागत नाही. ज्यांच्या पारपत्रावर ‘ईसीआर’ म्हणजे परवानगी आवश्यक असा शेरा आहे, त्यांनी ठरावीक अठरा देशांत नोकरीला जाताना ती घ्यायची असते. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना हा शेरा लागत नाही. मागची धारणा साधी होती. शिकलेला माणूस स्वतःचे हित जाणतो, त्याला सरकारच्या बोटाची गरज नाही. गवंडीकामाला निघालेल्या निरक्षर मजुराचा करार त्यामुळे सरकारी अधिकारी पाहतो, पण एम.ए., बी.एड. झालेल्या शिक्षकाचा करार कोणीही पाहत नाही. परवानगी घेणाऱ्या कामगाराला सक्तीचा असलेला दहा लाख रुपयांचा ‘प्रवासी भारतीय बीमा योजने’चा विमाही शिक्षकाच्या वाट्याला आपोआप येत नाही. शिवाय मालदीव आणि इथिओपियासारखे देश त्या अठरांच्या यादीतच नाहीत.

ही उणीव सरकारच्या ध्यानात आली नाही असे नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने या अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्या सुशिक्षित पारपत्रधारकांनाही १ जानेवारी २०१९ पासून पूर्वनोंदणी सक्तीची केल्याचे जाहीर केले. परदेशस्थ भारतीयांकडून आक्षेप येताच अंमलापूर्वीच हा निर्णय स्थगित झाला. नोंदणी ऐच्छिक राहिली आणि ऐच्छिक नोंदणी करण्याची आठवण फसवणारा एजंट कधीच करून देत नाही.

परिचारिकांना जे मिळाले

सुशिक्षितांनाही संरक्षण देता येते, याचे उदाहरण परिचारिकांचे आहे. केरळमधून कुवेतला जाणाऱ्या परिचारिकांकडून नियमानुसार १९ हजार ५०० रुपये घ्यायचे असताना प्रत्येकी साडेएकोणीस लाख रुपये उकळल्याचा आरोप २०१५ मध्ये पुढे आला. सीबीआयने या प्रकरणात एजन्सीबरोबरच कोचीच्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’वरही गुन्हा नोंदवला. कुंपणच शेत खात असल्याचा तो आरोप होता. त्याच वर्षी केंद्राने त्या अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकांना, त्या कितीही शिकलेल्या असल्या तरी, परवानगी बंधनकारक केली आणि त्यांची भरती खासगी एजंटांच्या हातून काढून केरळ सरकारच्या ‘नोर्का रूट्स’ आणि ‘ओडेपेक’ या संस्थांकडे सोपविली. पुढे अन्य राज्यांच्या संस्थाही त्यात आल्या.

हे परिचारिकांना मिळाले, कारण केरळात त्यांच्या संघटना होत्या, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला आणि राज्य सरकारने केंद्राकडे तगादा लावला. मराठवाड्यातून एकेकटा निघणारा शिक्षक असा दबाव निर्माण करू शकत नाही. त्याची फसवणूक अनेकदा घराबाहेर कळतही नाही, कारण ‘मास्तर फसले’ हे गावात सांगणे त्याला पैसे बुडण्याहून जड जाते.

अमेरिकेतही तीच कहाणी

हा प्रश्न केवळ आखाताचा वा गरीब देशांचा आहे, हा समज चुकीचा ठरेल. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात २००७ पासून साडेतीनशेहून अधिक फिलिपिनो शिक्षक नेण्यात आले. त्यांच्याकडून प्रत्येकी सुमारे सोळा हजार डॉलर घेतले गेले आणि शुल्काचा पुढचा हप्ता भरेपर्यंत पारपत्रे अडवून ठेवण्यात आल्याची तक्रार झाली. शिक्षक संघटना पाठीशी उभी राहिली, खटला चालला आणि डिसेंबर २०१२ मध्ये ज्युरीने भरती करणाऱ्या एजन्सीविरुद्ध ४५ लाख डॉलरचा निवाडा दिला.

मेरीलँड राज्यातील प्रिन्स जॉर्जेस काउंटीचे प्रकरण अधिक बोलके आहे. तेथे मालक खासगी संस्था नव्हती, तर सरकारी शाळांची यंत्रणा होती. व्हिसाचा जो खर्च कायद्याने मालकाने करायचा, तो तिने परदेशी शिक्षकांच्या माथी मारला. अमेरिकी श्रम खात्याने चौकशी केली आणि २०११ मध्ये १ हजार ४४ शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलर परत देण्याचे ठरले. शिक्षा म्हणून त्या यंत्रणेला दोन वर्षे परदेशी शिक्षक नेमण्यास मनाई झाली. या मनाईमुळे ज्यांचे व्हिसा नूतनीकरणाला आले होते, त्या शिक्षकांच्याच नोकऱ्या गेल्या. न्याय मिळाला, पण त्याची किंमतही पीडितांनीच मोजली. मालकावरची कारवाई करताना कामगाराचे काय होईल याचा विचार आधी न केल्यास असे होते.

राष्ट्रकुल देशांच्या शिक्षणमंत्र्यांनी सप्टेंबर २००४ मध्ये शिक्षकभरतीसाठी एक संहिता स्वीकारली होती. भरती करणाऱ्या देशाने शिक्षकाला पूर्ण माहिती द्यावी, स्थानिक शिक्षकांपेक्षा कमी दर्जाची वागणूक देऊ नये, एजन्सींवर लक्ष ठेवावे, असे तिचे सूत्र आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य आहे. तथापि ही संहिता कोणावरही कायद्याने बंधनकारक नाही.

दोन हजारांचा दंड

देशातील अंमलबजावणीचे चित्रही फारसे वेगळे नाही. बेकायदा भरतीसाठी १९८३ च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. एका उमेदवाराकडून लाखो रुपये घेणाऱ्यास हा दंड म्हणजे एका दिवसाच्या चहापाण्याचा खर्च. खटला भरण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, ही आणखी एक अडचण. पीडित व्यक्तीने वा तिच्या जवळच्या नातेवाइकाने स्वतः तक्रार केल्यास ही परवानगी लागत नाही, ही त्याच कलमातील सवलत मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. २०२५ पर्यंत सरकारने तीन हजारांहून अधिक बेकायदा एजंटांची नावे ‘ई-मायग्रेट’वर प्रसिद्ध केली. यादी प्रसिद्ध होते, एजंट नाव बदलतो, धंदा चालू राहतो. नव्या कायद्याचे मसुदे २०२१ आणि २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवण्यात आले. त्यांत शिक्षकासारख्या सुशिक्षित स्थलांतरिताला नेमके काय मिळते, यावर त्यांची किंमत ठरेल.

जिल्ह्याच्या ठिकाणी दुसरी अडचण अंतराची. ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चे कार्यालय मुंबईत आणि नोंदणीकृत एजंटही प्रामुख्याने तिथेच. परभणीत भेटतो तो त्यांचा ‘माणूस’, म्हणजे उपएजंट. आणि उपएजंट नेमण्याची मुभा नियमांत नाही. फसवणूक झाल्यावर मुंबईचा एजंट त्याला ओळखत नाही आणि स्थानिक पोलीस ठाण्यात ‘व्यवहार मुंबईचा, तिकडे जा’ असे ऐकावे लागण्याची शक्यता असते. वस्तुतः हद्दीचे कारण देऊन फसवणुकीची तक्रार नाकारता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ अन्वये फसवणुकीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

निघण्यापूर्वी

यंत्रणा सुधारेपर्यंत काही गोष्टी शिक्षकाच्या हाती उरतात. एजंटाचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर स्वतः पाहावा. पैसे बँकेमार्फतच द्यावेत आणि पावती घ्यावी. करारावर शाळेचे नाव, विषय, मूळ वेतन आणि परतीच्या तिकिटाची जबाबदारी स्पष्ट असावी. त्याची प्रत घरी ठेवावी. पर्यटक व्हिसावर नोकरीसाठी जाऊ नये. शेरा नसलेल्या पारपत्रावरही ऐच्छिक नोंदणी करून विमा घ्यावा. तिकडे अडचण आल्यास भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आणि १८०० ११ ३०९० ही निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे.

पण सारी जबाबदारी शिक्षकावर टाकून सरकारला हात झटकता येणार नाहीत. परिचारिकांसाठी जे करता आले, ते शिक्षकांसाठी अशक्य नाही. करार तपासणे, शाळेची नोंदणी सक्तीची करणे आणि तक्रार जिल्ह्याच्या ठिकाणीच घेण्याची सोय करणे, एवढ्याने निम्मी फसवणूक उगमाशीच थांबू शकेल. पदवी हे पोटापाण्याचे साधन आहे, चिलखत नव्हे. दुसऱ्यांच्या मुलांना वाचायला शिकविणाऱ्या माणसाचा करार सरकारने एकदा वाचून पाहावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.