जांभळाचं भूमध्यसागरी भावंड

जांभळाचं किंवा पेरूचं कोवळं पान उन्हासमोर धरलं, तर टाचणीने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. या पानातल्या सुगंधी तेलाच्या पिशव्या. लवंग, निलगिरी, जाम ही मंडळीही याच खानदानातली. मात्र वनस्पतिशास्त्रात ज्याच्यावरून या कुळाला मिर्टेसी म्हणतात, तो मर्टल आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. साडेपाच हजारांवर जातींच्या या गोतावळ्यात त्याचा सख्खा म्हणावा असा एकच भाऊबंद आहे, तोही सहाराच्या मधल्या डोंगरांत तग धरून राहिलेला.

मर्टल दिसायला साधाच. माणसाच्या उंचीचं, फार तर दुप्पट वाढणारं, दाट आणि बारमाही हिरवं झुडूप. फूल पांढरं, पाच पाकळ्यांचं, मधोमध पुंकेसरांचा झुपका. पेरूचं फूल पाहिलेल्याला नवल वाटू नये. फळ वाटाण्याएवढं, निळं-काळं, तुरट आणि बियांनी भरलेलं. जांभूळ समजून तोंडात टाकणाऱ्याची निराशाच व्हायची. खरी दौलत पानांत आहे. चुरगळलं की निलगिरीची आठवण होते, कारण सिनिओल हे द्रव्य दोन्ही तेलांत असतं.

काळी मिरी माहीत होण्याआधी तिच्या जागी मर्टलचीच फळं वापरत, असं रोमन लेखक प्लिनीने नोंदवलं आहे. म्हणजे आपल्या मलबारच्या मिरीने रोमनांच्या स्वयंपाकघरातून त्याला हुसकावलं म्हणायचं. सार्डिनिया बेटावर मात्र त्याचं राज्य अजून चालू आहे. तिथे नोव्हेंबर ते जानेवारीत रानातली पिकली फळं तोडतात, काही आठवडे अल्कोहोलमध्ये मुरवतात, गाळून साखरेचा पाक घालतात आणि ‘मिर्तो’ नावाचं गडद लाल मद्य करतात. पानांपासून होतं ते पांढरं मिर्तो. डुकराचं भाजलेलं पिल्लूही मर्टलच्या फांद्यांच्या बिछान्यावर ठेवतात; वाफेबरोबर वास मांसात उतरतो.

मानाचीही कथा आहे. रोममध्ये दुय्यम विजयाला मर्टलचा मुकुट मिळे. इ.स.पू. ७१मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडणाऱ्या क्रॅससला तो कमीपणाचा वाटला, त्याने लॉरेलचाच मिळवला. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या नवऱ्या १८५८पासून गुच्छात मर्टलची डहाळी घेत आल्या आहेत.

ज्यूंच्या सुक्कोथ सणात तर मर्टलच्या तीन डहाळ्या लागतातच. मुंबई-कोकणातल्या बेने इस्रायलींना हा सण परका नाही. गंमत अशी, की झुडपाला पानं सहसा समोरासमोर जोडीने येतात, आणि विधीला हवी एकेका पेरावर तीन-तीन पानं असलेली डहाळी. तशी डहाळी वेचून घ्यावी लागते, आणि बाजारात अर्थातच तिला वेगळा भाव.

युनानी वैद्यकात सुकी फळं ‘हब्बुल आस’ म्हणून अतिसारावर देतात. अत्तारांच्या दुकानांत ती मिळतात.

लावायचं असेल तर खरी अडचण आपल्या पावसाची. भूमध्यसागराकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. आपलं गणित नेमकं उलटं. मुळं एकदा धरली की मर्टल उन्हाला आणि तहानेला भीत नाही; साचलेल्या पाण्याने मात्र मुळं कुजतात. कोकणातल्या उघड्या परसात त्याला लावणं म्हणजे त्याचा छळच. देशावर कुंडीत, वाळू-मुरूम मिसळून, भरपूर उन्हात ठेवावं आणि पावसाळ्यात पागोळ्यांपासून दूर सरकवावं. चुनखडी जमीन चालते, काळी चिकण नको. रोपवाटिकेत ‘विलायती मेंदी’ मागाल, तर त्या नावाखाली कुंपणाचं दुसरंच झाड मिळण्याची शक्यता आहे, म्हणून पान चुरगळून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बियांपासून रोप होतं, पण वाढ सावकाश. त्यापेक्षा फूल न धरलेली, अर्धवट पक्की काडी लावावी. फुलं नव्या फुटव्यावर येतात, तेव्हा उशिरा छाटणी केली तर तो बहर गेलाच. ज्याला फक्त हिरवं कुंपण हवं, त्याने कात्री खुशाल चालवावी. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा राजवाड्यात तळ्याच्या दोन्ही काठांना मर्टलची कुंपणं आहेत, आणि ती अशीच नेटकी कातरून राखलेली असतात.